चार धोंड्यांचं स्वयंपाकघर

घर उभं राहण्याच्या कितीतरी आधी कांताबाईचं स्वयंपाकघर उभं राहिलं होतं. चार कोपऱ्यांना चार धोंडे, चुलीच्या जागी एक फुटकी फर्शी, आणि पश्चिमेला, जिथे खिडकी यायची होती तिथे, नुसती हवा. प्लॉटवर आली की ती आधी त्या धोंड्यांच्या आत जाऊन उभी राही, पदराने कपाळाचा घाम टिपे आणि न बांधलेल्या खिडकीतून खाली पाही. खाली फर्शीच्या दगडाची जुनी खदान होती. दगड काढणारे केव्हाच निघून गेले होते आणि त्यांच्या मागे हिरवट, खोल पाणी उरलं होतं. भर दुपारीही त्या पाण्यावरून येणारी झुळूक गार लागे. त्या झुळकेसाठीच कांताबाईनं स्वयंपाकघर मागच्या अंगाला धरलं होतं.

संसाराची सगळी वर्षं तिने रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली. तिथल्या स्वयंपाकघरालाही खिडकी होती, पण ती उघडली की समोर शेजारच्या मोरीची भिंत. फोडणी दिली की धूर त्या भिंतीवर आपटून पुन्हा घरात शिरे. भिंत रेल्वेची, दार रेल्वेचं. खिळा ठोकायचा तरी बाबूला विचारावं लागे. नवरा धर्मपाल रुळांवर गँगमन म्हणून लागला होता आणि मुकादम होऊन निवृत्त झाला. आता क्वार्टर सोडायचं होतं. पावसाने जोर धरण्याआधी डोक्यावर आपलं छत आलं नाही, तर मुलगा बुद्धभूषण आणि सून साक्षी यांच्यासह भाड्याच्या एखाद्या खोलीत शिरावं लागणार, हे चौघांनाही ठाऊक होतं.

प्लॉट रायपूरच्या गिट्टीपाऱ्यात होता; पारा म्हणजे वस्ती. तेलीबांध्याचा तलाव आणि तिथल्या उंच इमारती मागे टाकून बरंच पुढे गेलं, की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटे. त्या रस्त्याच्या कडेने प्लॉटांची ओळ होती. पुढे रस्ता, मागे खदानीची कड. पुढे सरकायला जागा नाही, म्हणून इथली माणसं मागे सरकत. ट्रॅक्टरची ट्रॉली कडेला लावायची, मुरूम खाली ओतायचा, फावड्याने सारखा करायचा, वर पाणी मारायचं. दरवर्षी कड थोडी पुढे जाई आणि प्लॉट थोडा लांब होई. शेजारच्या बिसाहिनबाईची त्यावर एक ठरलेली छत्तीसगढी थट्टा होती. "हमर पारा म मनखे आघू डहर बाढ़थे, अउ भुइयाँ पाछू डहर!" माणूस पुढे वाढतो, जमीन मागे. आणि असं म्हणून ती स्वतःच्या प्लॉटमागे आणखी एक ट्रॉली ओतून घेई.

धर्मपालच्या भरावाच्या अगदी टोकाला, धोंड्यांच्या पलीकडे, पिंपळाचं एक रोप होतं. विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलेल्या धर्मपालनं ते नागपूरहून ओल्या फडक्यात गुंडाळून, गाडीच्या गर्दीत मांडीवर धरून आणलं होतं. "बोधिवृक्ष हाय," तो लावताना म्हणाला होता, "याच्या मुया कड धरून ठेवतीन." तेव्हापासून कांताबाई गोलबाजारातून आणलेल्या पितळी लोट्याने त्याला पाणी घाली. कितीही ओता, आळ्यात पाणी म्हणून राहत नसे.

"पाह्य," ती कौतुकानं सुनेला सांगे, "कसं घटाघटा पेते!"

"मम्मी, गर्मी भी तो कितनी है," साक्षी म्हणे. ती रायपुरातच वाढलेली. मराठी सगळं समजे, उत्तर हिंदीत देई.

चैत्र सरत आला होता. मिस्त्रीनं चुन्याच्या रेषा आखल्या होत्या आणि पायाची खोदाई सुरू झाली होती. घराचा नक्शा परवानगीसाठी ऑफिसात टाकलेला होता, मंजूर व्हायचा होता. "येईन तवा येईन," धर्मपाल म्हणे, "माती खोदाले काय कागद लागते?" अशा एका सकाळी रस्त्यावर स्कूटी थांबली आणि हेल्मेट काढत एक तरुण बाई खाली उतरली. शंकर नगरच्या ऑफिसातून आले, असं म्हणाली. नाव अस्मिता. हातात लांब टेप होता आणि बुटांवर आधीच कुठल्यातरी प्लॉटची लाल माती बसलेली होती.

तिने मिस्त्रीला हिंदीत काहीतरी विचारलं आणि मध्येच फोनवर कुणाला तरी मराठीत म्हणाली, "पोचले गं, नंतर करते." धर्मपालचा चेहरा एकदम खुलला.

"जयभीम, मॅडम! तुमी मराठी? काय व, चहा ठेव! आपल्याकडच्या हायेत."

"नमस्कार काका. चहा नको. काम थांबवा जरा."

ती मागे चालत गेली, पण कडेपर्यंत गेली नाही. धोंड्यांच्या अलीकडेच थांबली, खाली बसली, मूठभर माती उचलून चुरडली आणि वाऱ्यावर सोडली.

"भराव आहे हा."

"मुरूम हाय, मॅडम. अव्वल मुरूम."

"काका, खदानीच्या कडेपासून अंतर सोडावं लागतं. खदान जितकी खोल तितकं जास्त. आणि कड म्हणजे मूळ जमिनीची कड. आपण ओतलेल्या मातीची नाही. भरावावर घर नाही, शोषखड्डा नाही, सांडपाणीही सोडायचं नाही."

"उभी जिंदगी बांधावर गेली माही," धर्मपालचा आवाज चढला. "गाड्या धावतेत त्या बांधावरून. पुऱ्याच्या पुऱ्या मालगाड्या! माती तुमी मले शिकवून राहिल्या?"

"रेल्वेचा बांध थर देऊन, दाबून केलेला असतो. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हा नुसता ओतलाय."

तिने अंदाजाने टेप धरला, मिस्त्रीकडून खुंट्या मागून घेतल्या, त्या ठोकल्या आणि पिशवीतून लाल चिंधी काढून एकेकीला बांधली. कांताबाई चहाचं पातेलं हातात धरून पाहत होती. लाल रेषा चुन्याच्या रेषेला मधोमध कापत गेली. पुढची खोली अलीकडे राहिली. चारही धोंडे पलीकडे गेले.

"हे तात्पुरतं," अस्मिता म्हणाली. "बांधायचं आहे तिथे, मागच्या बाजूला, एक खड्डा खोदा. पुरुषभर. मूळ जमीन लागली की मला फोटो पाठवा, मी येऊन तिथून मोजेन. तोवर काम बंद."

स्कूटी गेली. मिस्त्रीनं आपला ओळंबा सुतळीला गुंडाळला, विडी शिलगावली आणि गडी माणसांकडे पाहून हसला. "मुकादम साहब को ही लाल झंडी दिखा दी!" बिसाहिन आपल्या कुंपणाशी उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. धर्मपाल त्या चिंध्यांकडे पाहत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मले," तो स्वतःशीच म्हणाला. "मले लाल झेंडी."

त्यानंतरचे दिवस रिकामे आणि तापलेले गेले. मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेला. धर्मपाल इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात जाऊन बसे आणि कूलरच्या वाऱ्याने केस विस्कटून घरी परत येई. नियम तोच होता. सांगणारी खुर्ची बदलली तरी तोच. कांताबाई मात्र रोज प्लॉटवर जाई. खोदलेल्या चरांत पाचोळा साठत होता. ती लाल रेषा ओलांडून धोंड्यांच्या आत उभी राही, आणि आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत असं तिला वाटे.

बुद्धपौर्णिमेला विहारातल्या बाया आल्या. पांढऱ्या साड्या नेसून, कळशा भरून, वंदना म्हणत त्या पिंपळाशी गेल्या. प्रत्येकीनं पाणी घातलं. कळशीवर कळशी रिती झाली, तरी आळ्यात थेंब राहिला नाही.

"कांताबाई, तुह्यं झाड मोठं तहानेलं हाय व," विहाराच्या अंजनाबाई म्हणाल्या.

"आपल्याकडून आलं ना, नागपूरचं," कांताबाई अभिमानानं म्हणाली. "त्याले पाणी लागतेच."

बाया हसल्या, खिरीचे द्रोण वाटले गेले. परत फिरताना कांताबाईनं सहज मागे पाहिलं. रोपाला आधार म्हणून धर्मपालनं बांबू रोवला होता. लावताना तो त्याने पलीकडच्या काठावरच्या विजेच्या खांबाशी डोळ्याने जुळवून अगदी सरळ केला होता, रुळांची रेषा पाहावी तसा. आता बांबू खांबापासून सुटला होता. खदानीकडे वाकला होता. वाऱ्याने असेल, असं तिने मनाशी म्हटलं, पण वारा तर खदानीकडून येत असे.

दुसऱ्या दिवशी धर्मपालनं कुदळ आणि फावडं काढलं. बुद्धभूषण प्लांटमध्ये शिफ्टने कामाला होता, त्याला सुट्टी होती. बापलेक दोघे उन्हाच्या आधी प्लॉटवर आले. कांताबाई शिदोरी घेऊन मागून आली तेव्हा खड्डा कमरेएवढा झाला होता. पण तो मागे नव्हता. रस्त्याच्या बाजूला, पुढच्या खोलीच्या जागी होता. त्यात पिवळी, घट्ट, दगडासारखी जमीन लागली होती. कुदळ तिच्यावर खणखण वाजत होती.

"इथं काहून?" ती म्हणाली. "मागं खोदाले सांगतलं होतं ना."

"फोटोत खड्डा दिसते," धर्मपाल घाम निथळत म्हणाला. "खड्डा कुठचा, थे नाई दिसत. मॅडमले जमीन पाह्यजे होती. घे म्हणा जमीन."

"माँ, टेंशन मत लो," बुद्धभूषण फोन पुसत म्हणाला. "सब ऐसे ही करते हैं. बारिश से पहले छत चाहिए कि नहीं?"

छत पाहिजे होतं. तिच्याइतकं ते कोणालाच पाहिजे नव्हतं. स्वयंपाकघर त्याच छताखाली येणार होतं, खिडकीसकट, झुळकेसकट. तिने शिदोरी सावलीत ठेवून लोटा भरला आणि झाडाकडे गेली.

आज भोवती बायांचा गलका नव्हता. तिने लोटा तिरपा केला. पाणी आळ्यात पडलं, क्षणभर फिरलं आणि खाली गेलं. जाताना त्याचा आवाज झाला. मोरीत पाणी जाताना होतो तसा, गळ्यातून उतरल्यासारखा. तिने गुडघे टेकले, आळ्यातला पालापाचोळा हाताने बाजूला केला. बुंध्याच्या अलीकडून एक फट गेली होती. दोन्ही बाजूंना, गवताखालून, कडेला समांतर. तिने त्यात बोटं घातली. मग अख्खा हात बांगड्यांपर्यंत आत गेला. आत ओल होती आणि गार वारा होता.

एवढे दिवस झाड पाणी पीत नव्हतं. ती या फटीला पाणी पाजत होती.

ती उठली. बाप-लेक शिदोरी सोडून जेवायला बसले होते. त्यांच्याकडे न पाहता तिने कुदळ उचलली, धोंड्यांच्या मधोमध, फुटक्या फर्शीशी आली, फर्शी उचलून बाजूला ठेवली आणि घाव घातला. कुदळ वाजली नाही. फस्स करून आत गेली. वरचा लाल मुरूम वीतभर होता. त्याखाली काळं पोलिथिन निघालं, मग कपबशीचे तुकडे, चिंध्या, एक लहान मुलाची चप्पल, थर्माकोल, प्लास्टरची ढेकळं. ती ओढत होती आणि ते येतच होतं. कुजका वास उठला. पाठ भरून आली, हाताला फोड आले, तरी ती थांबली नाही. कारण प्रत्येक घावाला तिला वाटत होतं की आता वाजेल, आता जमीन लागेल.

"माँ! क्या कर रही हो?" बुद्धभूषण धावत आला.

"जमीन पाहून राहिली," ती धापा टाकत म्हणाली. "माह्या सैपाकघराखालची."

धर्मपाल खड्ड्याच्या काठाशी येऊन उभा राहिला. भराव पडत होता तेव्हा तो ड्युटीवर असे. ट्रॉलीवाल्याला चहा देऊन कांताबाई इथे उभी राही. ट्रॉल्या मागे लागत, धडधड ओतल्या जात, आणि सगळ्यात शेवटी वरून मुरूम येई. शेवटचं तेवढं दोघांनी पाहिलं होतं; खाली काय गेलं ते विचारलं नव्हतं.

त्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बुजव थे. कोणाले दिसलं नाई."

"मले दिसलं ना."

"तुले घर पाह्यजे होतं."

"पाह्यजेच हाय." ती खड्ड्याच्या काठावर बसली. पाय आत सोडले. "तुमाले याद हाय, बोगद्याच्या अलीकडं बांध खचला होता ते साल? गाडीले लाल झेंडी दाखवून उभे राह्यले होते तुमी, भर पावसात. गाडीतल्या लोकाईनं काय काय शिव्या देल्ल्या. कोणाचं लगीन चुकलं, कोणाची तारीख चुकली. कोणी केळाचं सालटं मारलं फेकून."

"हाय याद."

"घरी आले अन् हसत होते. म्हणे, शिव्या खाऊन आलो, आता भाकर गोड लागन."

धर्मपालनं मान दुसरीकडे वळवली.

"आता आपण गाडीत बसलो हाओत," कांताबाई म्हणाली. "थे पोट्टी झेंडी धरून उभी हाय. अन् तुमी सालटं मारून राहिले."

खालच्या पाण्यावरून एक बगळा उठला आणि पलीकडे जाऊन बसला. बुद्धभूषणनं हातातला फोन खिशात टाकला, पुन्हा काढला आणि आईच्या खड्ड्याचा फोटो घेतला. त्यात चप्पल होती, पोलिथिन होतं, तिचे मातीने भरलेले पाय होते. "यही भेजूँ, बाबा?" त्याने विचारलं.

धर्मपालनं फावडं उचललं. "थांब," तो म्हणाला. "मूळ जमीन लागू दे, मंग धाड. अर्धं काम दाखवू नाई." आणि तो धोतराचा काचा मारून बायकोच्या खड्ड्यात उतरला.

मूळ जमीन लागली ती संध्याकाळी, तो आत उभा राहिला तरी डोकं काठाखाली जाईल एवढ्या खोलीवर. आणि तीसुद्धा तिरपी, खदानीकडे उतरती.

अस्मिता आली तेव्हा तिने त्या खड्ड्यात उतरून पाहिलं. वर येताना धर्मपालनं तिला हात दिला. तिने कोणाला बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या शेजारच्या वाडीवर डोंगर आला होता. आधी तिथेही भेग पडली होती. लोक तिच्यात दरवर्षी माती भरायचे." मग टेप काढला. नवी रेषा आधीच्या लाल रेषेपेक्षाही थोडी अलीकडे आली.

"एवढ्यात काय होईन?" धर्मपाल रस्त्यापासून त्या रेषेपर्यंत चालून पाहत म्हणाला.

"दोन खोल्या होतील. वर जिना ठेवला तर पुढे एक मजला. मागे रेषेवर एक चर काढा, पाणी कडेकडे जाऊ न देता बाजूने रस्त्याच्या नालीत नेणारा. आणि काकू, झाड..." ती अडखळली. "झाडाचं वजन आणि त्याचं पाणी, दोन्ही त्या कडेला नको."

"बोधिवृक्ष उपटते का कोणी?" धर्मपाल म्हणाला.

"उपटून नाई राहिलो," कांताबाई म्हणाली. "आपण क्वार्टर सोडून राहिलो ना? थे बी सोडन."

चुन्याच्या नव्या रेषा पडल्या. स्वयंपाकघर आता मागे राहू शकत नव्हतं. मागची खोली निजायला लागणार होती. ते पुढे आलं, रस्त्याच्या तोंडावर. मिस्त्रीनं विचारलं, खिडकी कुठे ठेवू, तेव्हा कांताबाई आधी मागे वळली. पश्चिमेला आता मागच्या खोलीची भिंत येणार होती. पूर्वेला धूळ, हातपंप, जाणारे-येणारे ट्रॅक्टर.

"मम्मी, अब तो पूरा पारा जान जाएगा आज क्या पका है," साक्षी हळूच म्हणाली.

"जाणू दे," कांताबाई म्हणाली. "ठेव रस्त्याकडं. मोठी ठेव." पण त्या दिवशी तिला भाकर गेली नाही. मागचे चार धोंडे तिने उचलले नाहीत. ते जिथे होते तिथेच राहू दिले, लाल चिंध्यांच्या पलीकडे.

काम पुन्हा लागलं. ती विटा भिजवी, साक्षी रेती चाळी, धर्मपाल आणि, शिफ्ट सांभाळून, बुद्धभूषण चर खोदत. चर धर्मपालनं रेल्वेच्या रीतीनं काढला. उतार दोरीने पाहून, तळाला खदानीतलीच फुटकी फर्शी बसवून. ओळीतले लोक येऊन पाहत आणि टोमणे मारीत. "मुकादम अपनी ही जमीन छोड़ के बैठ गए!" बिसाहिन सगळ्यांत जास्त हसली. पण एके दिवशी दुपारी ती कुंपणावरून वाकून म्हणाली, "दाई, तोर कुदारी दे तो थोरकुन."

"कायले?"

"बस, देखहूँ. मोर रंधनीखोली तरी का हे."

तिच्या स्वयंपाकघराखाली काय आहे ते तिला पाहायचं होतं. कांताबाईनं कुदळ दिली. संध्याकाळी बिसाहिननं ती धुऊन परत आणली, पण आज ती हसली नाही. मग एवढंच म्हणाली, की नाल्याशी खस, म्हणजे वाळा, उगवते, तिच्या मुळ्या पुरुषभर खोल जातात, उतारावर लावायची असेल तर ती आणून देईल. तिच्या प्लॉटमागची ट्रॉली त्यानंतर आली नाही. धर्मपालचा चर तिने आपल्या हद्दीतून पुढे न्यायला दिला. पुढच्या प्लॉटवाल्यानं दोन दिवस भांडून मग दिला. खस मात्र लावायची राहून गेली. छताचे पत्रे चढवण्यात दिवस संपले.

मृगाच्या सरी पडून गेल्यावर, माती मऊ झाली तेव्हा, पिंपळ हलवला. विहारातल्या बाया आल्या. धर्मपालनं आधी वंदना म्हटली, मग दुरून, पोटावर पडून, भोवतीची माती सोडवली. कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक बुद्धभूषणच्या हातात. रोप मातीच्या गोळ्यासह ओल्या पोत्यात आलं. घराजवळ लावायचं नव्हतं. पिंपळाच्या मुळ्या भिंती सोडत नाहीत. रस्त्यापलीकडे, हातपंपाशी, पाऱ्याच्या मोकळ्या जागेत ते लावलं. पाणी घातलं. पाणी आळ्यात भरलं आणि तिथेच उभं राहिलं, आकाशासकट. कांताबाई त्याच्याकडे पाहतच राहिली.

आषाढात ते घरात राहायला आले. गिलावा व्हायचा होता, दाराला रंग नव्हता, पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होई की बोलायचं तर ओरडावं लागे. झड लागली होती. रोज सकाळी धर्मपाल छत्री घेऊन चर पाहून येई, सवयीनं, रूळ पाहून यावे तसा. चरातून गढूळ पाणी वाहत होतं. रेषेच्या अलीकडून, बाजूने, नालीकडे.

त्या सकाळी कांताबाई भाकऱ्या थापत होती. आधी तिला वाटलं मागे कोणीतरी ट्रॉली ओतत आहे. तोच आवाज होता. धडधड, मग दगडांचा घरंगळता खडखडाट, मग दूर खाली पाण्याचा एक जड धप्पा. इतक्या पावसात कोण ओतणार, असं मनात येईतो पायांखालची जमीन किंचित हलली आणि थांबली. जशी आली होती, तशीच ती माती गेली.

ती भाकर तव्यावर टाकून मागच्या खोलीत धावली. साक्षी खाटेवर उठून बसली होती. मागचं दार उघडलं. चर जागेवर होता, वाहत होता. चराच्या काठाची लाल चिंधी पावसात चिकटून खुंटीला लपेटली होती. तिच्या पलीकडे काही नव्हतं. धोंडे नव्हते, फर्शी नव्हती, बांबू नव्हता. ओली, लाल, ताजी कापलेली उभी कड होती आणि कडेत पोलिथिनच्या काळ्या चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या. घराची भिंत हात लावून तिने पाहिली. कोरडी होती, उभी होती. तडा नव्हता.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला. बिसाहिनच्या मागचीही माती गेली होती. तिचं घर, चुलीसकट, उभं होतं. पाहायला लोक धावत येत होते, पोरं, छत्र्या, मोबाईल. कांताबाई रस्त्याच्या दारात आली तेव्हा धर्मपाल पेटीत वाकून काहीतरी शोधत होता. त्याच्या हातात जुना, कडांना विरलेला लाल झेंडा होता. तो तसाच पावसात गेला, दोन घरांमधल्या बोळाच्या तोंडाशी उभा राहिला आणि झेंडा आडवा धरला.

"कोणी समोर जाणार नाई! ए पोट्टे हो, माघारी! कड अजून बसली नाई. एक बी माणूस नाई!"

"अरे मुकादम साहब, बस एक फोटो!"

"फोटो तिकडून काढ. पाय इकडं टाकू नको."

कोणीतरी शिवी दिली. धर्मपालनं ती ऐकली, आणि कांताबाईनं पाहिलं की त्याच्या ओल्या मिशांखाली हसू आलं होतं.

थोड्या वेळाने स्कूटी आली. निथळत्या रेनकोटात अस्मिता घाईने बोळाकडे निघाली, तर झेंडा तिच्यासमोर आडवा आला.

"तेथंच, मॅडम. समोर नाई."

ती थांबली. त्याच्याकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. "बरोबर आहे, काका. इथूनच पाहते."

तेवढ्यात जळक्या भाकरीचा वास आला आणि कांताबाई धावत चुलीपाशी गेली. तव्यावरची भाकर कोळसा झाली होती. ती तिने उलथन्याने काढून टाकली, दुसरी थापली, शेगडीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं आणि रस्त्याकडची खिडकी सताड उघडली. धूर बाहेर गेला; त्याला आडवी भिंत नव्हती. समोर पावसात अख्खा पारा उभा होता. बिसाहिन डोक्यावर पोतं घेऊन, अंजनाबाई विहाराची मोठी छत्री घेऊन, आणि पलीकडे हातपंपाशी पिंपळ, ज्याची पानं थेंबागणिक मान हलवत होती.

"ओ मॅडम!" तिने खिडकीतून हाक मारली. "त्या दिवशी चहा नको म्हणाल्या होत्या. आज तरी घेता का नाई?"

अस्मिता वळली. चिखलातून खिडकीखाली आली, हेल्मेट काखेत मारलं आणि दोन्ही हात वर केले.

"द्या, काकू," ती म्हणाली. "जयभीम."

कांताबाईनं खिडकीतून पहिला कप बाहेर काढला.

"जयभीम, बाई. सांभाळून, गरम हाय. अन् एक कप त्या झेंडीवाल्याले नेऊन द्या. त्याले म्हणा, भाकर होऊन राहिली."